सरांचा लॅपटॉप अडखळतो

घनसावंगीच्या बसस्टँडवरून तहसीलकडं वळलं की डाव्या हाताला, खताच्या दुकानाला लागून, दहा बाय आठचा एक गाळा होता. त्यावर पाटी होती, ‘बेबीनंदा कॉम्प्युटर रिपेअरिंग’. दोन हजार सहा साली ती लागली तेव्हा लोक पाटी वाचून आत डोकावायचे आणि विचारायचे, “मिस्तरी कुठं गेलेत?”

“मिस्तरी मीच. बोला.”

काही जण बोलायचे. काही जण “येतो मंग” म्हणायचे आणि जायचे ते जायचेच.

बेबीनंदाला दुरुस्तीचा हात मिळाला तो बापाकडून. तातेराव टेंभुर्णीचे. बाजाराच्या जागेत पत्र्याखाली बसून त्यांनी तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. ज्या घरांत तातेरावांना ओसरीच्या वर कुणी बोलवत नसे, त्या घरांचे रेडिओ मात्र त्यांच्या मांडीवर पोट उघडून पडायचे. लेकीला त्यांनी तुटल्या तारेला कथलाचा डाग द्यायला शिकवलं, मीटर लावायला शिकवलं, आणि एक गोष्ट सारखी सांगितली, “बेबी, मागचं झाकण काढायची घाई करायची न्हाई. आधी ऐकायचं. कुठं खरखरतो, कुठं दम सोडतो, ते त्योच सांगतो.”

पुढं रेडिओ गेले, टीव्ही आले, तेही लोक दुरुस्त करण्यापेक्षा नवे घ्यायला लागले. बेबीनंदा बारावी झाली, लग्न होऊन घनसावंगीला आली. नवरा संपत जालन्याला काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याच जीपमधून रोज जाऊन-येऊन तिनं जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात तेवीस मुलगे आणि ती एकटी. दोन वर्षांनी गाळा घेतला. सामान लागलं की संपत जालन्याहून आणून द्यायचा आणि सीटवरच्या लोकांना सांगायचा, “मंडळीसाठी हार्डडिस्क घेतली.” लोकांना वाटायचं, दागिना असेल.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत धर्मराज सर तिच्या दुकानात आले.

त्यांना सगळं गाव ओळखत होतं. हायस्कुलात ते इतिहास शिकवायचे. नवव्या वर्षी तापात डोळे गेले ते गेलेच. पण त्यानंतर त्यांनी एम.ए. केलं, बी.एड. केलं, आणि आता चाळिशीला आलेले सर काठी टेकत, कुणाचा हात न धरता, घरून शाळेत आणि शाळेतून घरी ये-जा करायचे. पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप दिला होता. त्यात बोलणारा प्रोग्रॅम होता. सर टाईप करतील ते, पडद्यावर येईल ते, तो वाचून दाखवायचा. आवाज इंग्रजी माणसाचा, त्यामुळं सर मराठी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायचे. उद्याचा धडा, पोरांची हजेरी, परीक्षेचे गुण, सगळं त्यात.

सरांनी पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला. “बाई, हा महिन्याभरापासून अडखळून राह्यलाय. एक शब्द बोलतो, थांबतो, अर्धा गिळतो. ‘इतिहास’ म्हणायला इतका वेळ लावतो, तवर माझा धडा विसरून जातो मी.”

“चार्जर?”

“घरी टेबलाखाली लावलेला हाय. आणायचा व्हता का?”

“न्हाई, राहू द्या. हितं त्याच कंपनीचा हाय.”

बाकावर एक चार्जर कायम लटकलेला असायचा. तिनं लॅपटॉपला तो लावला, मशीन सुरू केलं, आणि व्हायरस शोधायचा प्रोग्रॅम चालवला. सत्तावीस निघाले. त्या काळात ज्याच्या-त्याच्या मशीनमध्ये निघायचेच, आणि त्या काळात त्यावर एकच औषध होतं. मशीन कोरं करायचं आणि सगळं नव्यानं भरायचं. बेबीनंदानं सरांच्या सगळ्या फायली आधी बाजूला काढून ठेवल्या, मशीन कोरं केलं, बोलणारा प्रोग्रॅम पुन्हा टाकला, फायली परत ठेवल्या. संध्याकाळी सर आले. तिनं एक पान उघडून दिलं. आवाज झऱ्यासारखा वाहिला.

“बराबर!” सर म्हणाले. “बिलकुल पहिल्यासारखा.”

त्या दिवशी तिला फार बरं वाटलं. दुकान बंद करताना शेजारचा खतवाला भुजंग म्हणाला, “वहिनी, सरांनी चौकात सांगितलं, मिस्तरी लई हुशार हाय.”

दोन दिवसांनी सर परत आले. या वेळी हातात लॅपटॉप नव्हता. स्टुलावर बसले, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली.

“बाई, घरी नेला आणि पुन्हा तेच. अडखळून राह्यलाय.”

“असं कसं? हितं तर...”

“हितं बराबर व्हता, मी ऐकलं ना. पण आणखी एक इचारायचं व्हतं. त्या प्रोग्रॅमात माझी एक यादी व्हती. शब्दांची. ती कुठं दिसंना.”

“कोणती यादी?”

मग सरांनी सांगितलं. तो इंग्रजी आवाज मराठी नावं भलतीच उच्चारायचा. ‘घनसावंगी’चं त्यानं काहीतरी परदेशातलं गाव करून टाकलं होतं. त्यासाठी त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. शब्द कसा लिहिलाय आणि तो कसा उच्चारायचा, हे आपण त्याला शिकवू शकत होतो. सरांनी दोन वर्षं एकेक शब्द शिकवला होता. गावांची नावं, राजांची नावं, किल्ल्यांची नावं, आणि वर्गातल्या प्रत्येक पोराचं नाव.

“अकराशे चाळीस झाले व्हते,” सर म्हणाले. “मी मोजत व्हतो. आता हजेरी उघडली तर पुंजारामला त्यो काय म्हणतो, मलाच हसू येतंय.”

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बेबीनंदाला सोपं गेलं असतं. ती यादी प्रोग्रॅमच्या आत कुठल्याशा कोपऱ्यात असते, हे तिला माहीतच नव्हतं. तिनं ‘फायली’ म्हणून जे दिसलं ते काढलं होतं. बाकीचं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. आणि जे दुरुस्त करायला पुसलं, ते दुरुस्तही झालं नव्हतं.

“सर,” ती म्हणाली, “चूक माझी हाय. मला इचारायला पायजे व्हतं.”

“मलाबी सांगायला पायजे व्हतं. मला वाटलं, मशीनवाल्याला ठावं असंल.”

सर गेले. एक गिऱ्हाईक कीबोर्ड घेऊन आलं, त्याला तिनं उद्या यायला सांगितलं. बापानं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली आणि नेमकी तीच आपण केली नाही, हे तिला टोचत होतं. तिनं काही ऐकलं नव्हतं. सत्तावीस आकडा बघितला आणि झाकण काढलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं पिशवीत मीटर, डाग द्यायची गन, पेचकस आणि एक पेनड्राइव्ह घातला.

“कुठं निघाली?” संपतनं विचारलं.

“सरांच्या घरी.”

“त्यांनी बोलावलं का?”

“न्हाई.”

“मंग?”

“मशीन माझ्या बाकावर बराबर बोलतं आणि त्यांच्या घरी बोलत न्हाई. दोष घरी असंल तर मी बाकावर बसून काय बघू?”

संपतनं तिला जीपनं सरांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं.

सरांच्या बायकोनं, उषाबाईंनी, दार उघडलं. खिडकीशी टेबल होतं, त्यावर लॅपटॉप, खाली भिंतीत बोर्ड. बेबीनंदानं आधी कशालाच हात लावला नाही. “सर, तुम्ही रोज करता तसं करा. मी नुसती बसते.”

सरांनी धड्याचं पान उघडलं. आवाज सुरू झाला आणि दुसऱ्याच शब्दाला ठेचकाळला. थांबला, पुढचे तीन शब्द एकात एक कोंबून बोलला, पुन्हा थांबला. बेबीनंदानं डोळे मिटून ऐकलं. खरखर नव्हती, आवाज फाटत नव्हता. नुसता मागं पडत होता. दमलेल्या माणसासारखा, पण दमायचं काही कारण दिसत नव्हतं.

तिनं पेनड्राइव्हवरून एक छोटा प्रोग्रॅम चालवला. मशीनचा प्रोसेसर, म्हणजे सगळा हिशेब करणारा मेंदू, या घडीला किती वेगानं चाललाय ते त्यात दिसायचं. पडद्यावर आकडा आला, सातशे अठ्ठ्याण्णव.

“किती पायजे?” सरांनी विचारलं.

“सोळाशे. पण एवढ्यावरून काही सांगता येत न्हाई. काम नसलं की त्यो स्वतःहून धिमा व्हतो. तापू नये म्हणून, बॅटरी वाचावी म्हणून. काम आलं की वर चढतो. माझे मालक रिकाम्या रस्त्याला गियर बदलतात तसं.” तिनं सरांना मोठी फाईल वाचायला लावली, सोबत एक जड हिशेब सुरू करून दिला. आवाज पार कोलमडला. आकडा सातशे अठ्ठ्याण्णवच. “आता चढायला पायजे व्हता. हा पहिल्या गियरमधीच अडकलाय, सर. घाट समोर आला तरी गियर बदलंना.”

“कशामुळं?”

“त्येच बघायचंय.”

विजेच्या वापराची सेटिंग तिनं उघडली. बचतीवरून काढून पूर्ण जोरावर ठेवली. फरक नाही. पुन्हा बदलली, मशीन बंद करून चालू केलं. फरक नाही. मशीनच्या पंख्याच्या जाळीला हात लावून बघितला, गरम लागली नाही. मग तिला वाटलं, उसाच्या मोटारी चालू असल्या की इकडं व्होल्टेज पडतं, त्यानं असेल. बोर्डात मीटर घातला. एकशे नव्वद. कमी, पण चार्जरला पुरेसं. चार्जरच्या टोकाशी मीटर लावला, तिथंही साडेएकोणीस व्होल्ट बराबर. तिच्याजवळचे उपाय संपत आले. उषाबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवत चालला.

तेवढ्यात लाइट गेली. अकरा वाजले होते, भारनियमनाची वेळच ती. डोक्यावरचा पंखा थांबत गेला. सरांनी सवयीनं मशीन बंद करायला हात पुढं केला. बॅटरीवर त्यांचा भरोसा नव्हता. महिनाभर ती भरतच नव्हती, लाइट गेली की मशीन पटकन मरायचं. बेबीनंदाच्या दुकानातच काय ती भरली होती.

हात अर्ध्यावर थांबला.

“बाई,” सर हळूच म्हणाले, “ऐकताय का?”

आवाज बोलत होता. एकही शब्द न गिळता, सरळ, वाहतं. बेबीनंदानं पडद्याकडं बघितलं. एक हजार पाचशे शहाण्णव.

“लाइट असली की अडखळतं आणि गेली की सुधारतं!” उषाबाई म्हणाल्या. “उलटंच की सगळं.”

बेबीनंदा ताडकन उभी राहिली. लाइट नव्हती म्हणजे चार्जर मेला होता. चार्जर मेला की मशीन धावायला लागलं. आणि दुकानात? दुकानात चार्जर तिचा होता. सरांचा चार्जर तिनं आजवर हातातसुद्धा घेतला नव्हता.

तास दीड तास लाइटची वाट बघावी लागली. लाइट आल्यावर तिनं सरांचाच चार्जर लावून मशीन पहिल्यापासून सुरू केलं आणि या वेळी नजर न हलवता पडदा बघत राहिली. कंपनीचं नाव यायच्या आधीच काळ्या पडद्यावर चार ओळी इंग्रजी अक्षरं आली आणि क्षणात गेली. तिनं पुन्हा बंद-चालू केलं, या वेळी वाचून काढलं. चार्जर ओळखू येत नाही. बॅटरी भरणार नाही. मशीन कमी वेगानं चालेल.

तिनं मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ सांगितला तेव्हा उषाबाईंनी तोंडाला पदर लावला. “अगं बाई! ती अक्षरं मी महिनाभर बघून राह्यले. मला वाटलं, कंपनीचं नाव-गाव असंल. म्हणून यांना बोलले न्हाई.”

“आणि बोलणारा प्रोग्रॅम तर त्याच्यानंतर जागा व्हतो,” सर म्हणाले. “म्हणजे त्यो रोज सकाळी सांगत व्हता. मला ऐकू येईल असं सोडून सगळं करत व्हता.” आणि आता मात्र ते खरोखर हसले.

बेबीनंदानं चार्जरचं टोक उजेडात धरलं. मधोमध केसासारखी एक सुई होती. बाहेरच्या कड्यातून वीज जाते. ती मधली सुई फक्त ओळख सांगते, की हा चार्जर आपला आहे, पुरती ताकद देणारा आहे. ती ओळख पटली नाही की मशीन भिऊन पाऊल आखडून चालतं. सुई जाग्यावर होती, म्हणजे तिच्याकडं येणारी वायर आत कुठंतरी तुटली असणार. पण कुठं? वायर सहा फुटांची, वरून धडधाकट. भलत्या जागी कापली तर होता तो चार्जरही जायचा.

“सर, मला तुमचे कान लागतील,” ती म्हणाली. “मी वायर जागा बदलून-बदलून वाकवून धरते. दर वेळी पिन काढून पुन्हा घालते. तुम्ही नुसतं सांगा, पिन घातल्यावरबी आवाज कधी मोकळा राहतो.”

ती मशीनपाशी वाकली. चार्जरच्या डबीपासून सुरुवात केली. वायर वाकवायची, पिन घालायची, ऐकायचं. “न्हाई,” सर म्हणायचे. वीतभर पुढं. “न्हाई.” आणखी पुढं. “न्हाई.” टोक दोन बोटांवर राहिलं तेव्हा तिनं वायर डाव्या अंगाला जरा दाबून धरली आणि पिन घातली.

“हां!” सर ओरडले. “धरा, धरा, सोडू नका!”

आवाज वाहायला लागला होता. पडद्यावर सोळाशेच्या घरातला आकडा. तिनं बोट ढिलं करून पिन पुन्हा काढून घातली, आवाज अडखळला. पुन्हा दाबून घातली, मोकळा झाला. सर शाळेत नेताना चार्जर पिशवीत भरायचे तेव्हा वायर डबीभोवती घट्ट आवळून गुंडाळायचे. शेवटचा वळसा नेमका तिथं पडायचा.

बेबीनंदानं तिथं वायर सोलली. आत तीन पदर, त्यातला सगळ्यात बारीक मधोमध तुटलेला, दोन टोकं एकमेकांकडं तोंड करून. गन तापली. रविवारच्या उन्हात खिडकीशी बसून तिनं तो केसाएवढा पदर जोडला, त्याला डाग दिला, वर नळी चढवली, मग टेप. सर टेबलाशी बसून ऐकत होते. जळत्या रोझीनचा, राळेचा, वास आला तसे म्हणाले, “हा वास मला वळखीचा हाय. लहानपणी डोळे व्हते तेव्हा आम्ही राजूरच्या जत्रेला जायचो, तिथं एक जण रेडिओ नीट करत बसायचा.”

मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर ती अक्षरं आली नाहीत. धडा उघडला आणि आवाज शेवटपर्यंत न थांबता बोलला, फक्त पुंजारामचं नाव त्यानं पुन्हा भलतंच घेतलं.

“ते राह्यलं,” बेबीनंदा म्हणाली.

“व्हईल हळूहळू. मी परत करीन.”

“एकट्यानं दोन वर्षं लागली. दोघांनी केलं तर जल्दी व्हईल.”

त्यानंतरचे पाच महिने ती दर रविवारी सकाळी सरांच्या घरी गेली. ती हजेरीपट वाचायची, सर नाव इंग्रजी अक्षरांत वाकडं-तिकडं करून टाईप करायचे, आवाज ते म्हणायचा, सर मान हलवायचे, एक अक्षर बदलायचे, पुन्हा ऐकायचे. मच्छिंद्र नावानं एक अख्खी सकाळ खाल्ली. एकदा तिनं सहज स्वतःचं नाव टाईप करायला लावलं, तर तो इंग्रजी माणूस जे काही बोलला त्यावर उषाबाई पोट धरून हसल्या. ते नीट झाल्याशिवाय त्या दिवशी कुणी उठलं नाही. आणि या खेपेला यादीची नक्कल तीन ठिकाणी ठेवली; एक बेबीनंदाच्या दुकानात.

ऑगस्टात सरांनी तिला जालन्याला नेलं. न दिसणाऱ्या माणसांसाठी तिथं चार दिवसांचं कॉम्प्युटर शिबिर होतं आणि सर त्यात शिकवणार होते. आयोजकांना त्यांनी आधीच कळवलं होतं, “दुरुस्तीला माणूस मी घेऊन येतो.” संपतच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर सर, मागं ती आणि तिची पेटी. बापाला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा तातेराव एवढंच म्हणाले, “जेवण वेळेवर करशील.”

शिबिराच्या मांडवात तिला एक टेबल दिलं. पहिल्याच दिवशी राजूरच्या गिरिजाबाई आल्या. देवळाजवळ त्यांचं टेलिफोनचं दुकान होतं. तो धंदा मोबाईलमुळं बसला, म्हणून त्या पन्नाशीत कॉम्प्युटर शिकायला निघाल्या होत्या. त्यांचा जुना लॅपटॉप तापून बंद पडायचा. तो त्या टेबलावर नव्हे तर मऊ गादीवर ठेवून चालवतात, हे बेबीनंदानं चार प्रश्न विचारूनच काढलं. तरी पंख्यात काय साचलंय ते बघायला तिनं पेचकस घेतला.

“थांबा,” गिरिजाबाई म्हणाल्या. “तुम्ही गप गप काम करता, मंग मला भ्या वाटतं. माझ्या मशीनला काय करून राह्यलात ते मला कळत न्हाई. बोलत राव्हा.”

“काय बोलू?”

“जे करता ते.”

बेबीनंदाला आधी अवघडल्यासारखं झालं. घसा खाकरून तिनं सुरुवात केली. “मशीन उलटं केलंय. बॅटरी काढली. आता मी कोपऱ्यातला स्क्रू काढते. हा तुमच्या हातात देते, धरा. असे सात हायेत.” गिरिजाबाईंनी तळहात पुढं केला. पंख्याचं झाकण निघालं तेव्हा आत सरकीच्या बोंडाएवढा धुळीचा गोळा होता. तोही बेबीनंदानं त्यांच्या बोटांना लावून दाखवला. “बया, बया,” त्या म्हणाल्या, “एवढं घेऊन बिचारं चालत व्हतं.”

आवाज ऐकून शेजारच्या खुर्चीवरचा तरुण सरकून जवळ आला. मग आणखी दोघं. पंख्याची पाती कशी असतात, तो कुठून हवा ओढतो, ही पट्टी तांब्याची का असते, बोटांना काय काय लागतंय, ते बेबीनंदा सांगत गेली आणि ती वस्तू एकेकाच्या हातात देत गेली. परत यायला वेळ लागायचा. प्रत्येकाला नीट चाचपून बघायचं असायचं. दुपारच्या जेवणाची घंटा झाली तरी टेबलाभोवतीचे सहा जण उठले नाहीत.

“आता पंखा जाग्यावर बसवते,” बेबीनंदा म्हणत होती. “पहिला स्क्रू कुणाजवळ हाय?”